एक कात्री आणि गल्लीतली सगळी पोरं

मे महिना लागला की माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका हमखास विचारतात, "काकू, पोरांना सुट्टीत गुंतवायला काय आणू?" दुकानात तीनशे-चारशे रुपयांचे खोके मिळतात. आत आखून-कापून ठेवलेले तुकडे, गोंदाची छोटी बाटली, चकचकीत मणी आणि शेवटी काय दिसलं पाहिजे त्याचं चित्र. मूल तासाभरात ते जोडतं, आईला दाखवतं आणि "आता काय?" म्हणत परत पुढ्यात उभं राहतं. घरात दोन भावंडं असली तर खोकेही दोन आणावे लागतात. मी प्रत्येकीला जे सांगते तेच आज जरा सविस्तर लिहिते. मुलांना सामान कमी द्या आणि काम मोठं द्या. एवढं मोठं, की ते एकट्याच्यानं होऊच नये.

मी सोलापुरात राहते, घरीच शिवणकाम करते. मे महिन्यात इथं पारा चाळिशीच्या वर असतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पोरं घरात कोंडलेली. माझ्या मशीनखाली कातरणाचा ढीग पडलेला असतो, तो वेचायला म्हणून आधी दोघं-तिघं यायला लागली आणि आता जेवणं झाली की गल्लीतली सगळीच येतात. बालवाडीतलं पोर असतं, आठवीतली मुलगी असते. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. वयाची ही सरमिसळ मला फार मोलाची वाटते. शाळेत सगळी एका वयाची असतात, तिथं कुणी कुणाची सुई ओवून देत नाही.

माझी कापडाची कात्री कुणीच घ्यायची नाही, हा पहिला नियम. कागद कापला की कापडाच्या कात्रीची धार जाते, हे शिवणाऱ्या कुणालाही विचारा. मुलांसाठी गोल टोकाची एक कात्री ठेवली आहे, एकच. दुसरी आणायला पैसे नाहीत असं नाही. कात्री एक असली की ज्याच्या हातात ती नसते तो कागद धरतो, रेघ मारून देतो, पुढचा तुकडा घडी घालून तयार ठेवतो. प्रत्येकाच्या हाती कात्री दिली की प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून ठामपणे सांगते.

कात्री एकच असल्यानं मुलं कागद फाडायलाही शिकतात. वर्तमानपत्राचा कागद उभा फाडला तर सरळ पट्टी निघते, आडवा फाडला तर वेडावाकडा जातो. कारखान्यात कागद तयार होताना लगद्यातले तंतू यंत्राच्या दिशेनं एका ओळीत बसतात, त्यामुळं तसं होतं. मी हे आधी सांगत नाही. रद्दीचा गठ्ठा देते आणि म्हणते, "हाताच्या लांबीच्या सरळ पट्ट्या पाहिजेत." थोड्या वेळानं कुणीतरी ओरडतंच, "काकू, असं धरल्यावर सरळ फाटतंय की!" मग तोच बाकीच्यांचा मास्तर होतो. या पट्ट्यांच्या चटया विणायच्या, छोट्या चटया खळीनं जोडून मोठी करायची. मुलांचा पहिला दिवस यातच आनंदात जातो.

खळ घरीच करायची. गोंदाच्या बाटल्या आणल्या तर अर्धा गोंद बोटांना लागून वाया जातो. एक वाटी मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवायचा, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन चकाकी आली की उतरवायची. पातेलं गॅसवर असताना मुलं लांब, हे सांगायला नको. पुस्तकं बांधणारे लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी असतो, मुलांच्या खळीत अजिबात घालायचा नाही. खळ रोज थोडी करायची आणि उरलेली टाकून द्यायची. उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबतेच.

फाटलेल्या, चुकलेल्या सगळ्या कागदांचा लगदा होतो, तेव्हा काहीच वाया गेलं असं मुलांना वाटत नाही. माझी आजी कागद रात्रभर भिजवून, त्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून घालून, कुटून त्या लगद्यानं सुपं आणि टोपल्या लिंपायची. मेथीनं चिकटपणा येतो आणि कीडही लागत नाही. आमची मुलं पालथ्या वाडग्यावर जुना प्लास्टिकचा कागद ताणतात आणि त्यावर लगदा थापतात. सोलापूरच्या उन्हात दोन दिवसांत खडखडीत वाळतो. कुटायचं काम दंगेखोर पोरांना द्यावं. ती सगळी ताकद तिथं लावतात आणि नंतर शांत बसतात.

आता हळद. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासायची आणि वाळवायची. मग कापसाचा बोळा काडीला गुंडाळून साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि त्या पिवळ्या कागदावर लिहायचं. अक्षरं लाल उमटतात. लिंबाचा रस फिरवला की पुन्हा पिवळी. शर्टावर सांडलेल्या वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, ते प्रत्येक आईनं पाहिलेलं आहे. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही याच गुणावर. मुलांना चुना द्यायचा नाही, डोळ्यात गेला तर इजा होते. साबणाचं पाणी किंवा कपडे धुण्याच्या सोड्याचं पातळ पाणी पुरतं, आणि सोड्याचं असलं तर मोठ्यांनी जवळ बसायचं. जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर घासल्या तर जांभळट कागद मिळतो. त्यावर लिंबानं लिहिलं तर गुलाबी आणि साबणानं लिहिलं तर हिरवट. आमच्याकडे एकमेकांना चिठ्ठ्या पाठवायचा खेळ असाच सुरू झाला. कोऱ्या दिसणाऱ्या पिवळ्या चिठ्ठीवर लिंबाच्या पाण्यानं लिहिलेलं असतं, आणि मिळालेल्यानं साबणाचं पाणी फासलं की आजूबाजूचा कागद लाल होतो आणि लिंबाची अक्षरं काही क्षण पिवळी राहतात. तेवढ्यात वाचून घ्यायचं.

असल्या खेळांचं भांडार पाहायचं असेल तर अरविंद गुप्तांचं काम पाहा. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस आयुष्यभर आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वची नळी, रिकाम्या बाटल्या आणि जुने कागद यांतून विज्ञानाची खेळणी करत राहिला. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही आहेत. मुलांना नुसत्या दाखवत बसू नका. एक पाहायची, फोन बंद करायचा आणि ती वस्तू करायला घ्यायची.

ज्वारीच्या ताटांच्या, म्हणजे वाळलेल्या धाटांच्या, खेळण्यांचं फार लिहीत नाही, कारण सोलापूर जिल्ह्यात ज्याचं बालपण गेलं त्याला ते ठाऊकच आहे. मंगळवेढ्याकडच्या नात्यातल्या कुणाला सांगितलं की कडब्याची एक पेंढी मिळते. वरची टणक साल सोलायची, आतलं पांढरं भेंड तुकडे करून घ्यायचं आणि सालीच्या काड्या त्यात खोचून जोडायच्या. गोंद नाही, दोरा नाही. बैलगाडी होते, चष्मा होतो, खुर्ची होते. साल मात्र ब्लेडसारखी कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्या मुलांचं आणि खोचायचं लहानांचं. शहरातल्या मुलांना ही पेंढी कुणी तरी दाखवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. रोज भाकरी खाणाऱ्या मुलानं ज्वारीचं ताट हातात धरलेलं नसावं, हे मला पटत नाही.

आमचं मोठं काम म्हणजे वाकळ, जुन्या कपड्यांची गोधडी. प्रत्येकानं घरून एक जुना कपडा आणायचा, आईला विचारून. सुती असला पाहिजे, कारण नायलॉन सुईखाली निसटतं आणि लहान बोटांना ते आवरत नाही. पुठ्ठ्याचा सात इंची चौकोन कापून ठेवला आहे, तो ठेवून खडूनं आखायचं. चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो आणि सहा इंचाचा चौकोन दिसतो. सहा गुणिले आठ, म्हणजे अठ्ठेचाळीस चौकोन, तीन फूट बाय चार फूट. पाढे न येणारी पोरंसुद्धा हा हिशेब चटकन करतात, कारण आपला तुकडा पुरेल की नाही ही चिंता खरी असते.

चौकोन मांडायला एक अख्खी दुपार जाते आणि मी ती जाऊ देते. सगळे फरशीवर पसरायचे आणि भोवती बसायचं. दोन निळे शेजारी आले तर चालतील का, फुलाफुलांचे सगळे मध्ये घ्यायचे का, शाळेच्या गणवेशाचा खाकी कडेला टाकायचा का, यावर वाद होतात. मी एकच अट घालते. कुणीही आपला चौकोन हलवायचा नाही, दुसऱ्याचाच हलवायचा आणि का हलवला ते त्याला सांगायचं. या अटीनं आरडाओरडा निम्म्यावर येतो. एका मुलीनं आजीच्या इरकली लुगड्याचा तुकडा आणला होता, काठासकट. त्याच्या शेजारी कुठला येणार यावर तर पंचायतच बसली. शेवटी तिच्या शेजारी एका मुलाच्या वडिलांच्या कामाच्या शर्टाचा तुकडा गेला. त्यावर यंत्रमागाच्या तेलाचा डाग होता आणि धुऊनही तो निघालेला नव्हता. त्या पोरानं डागाचा भाग मुद्दाम मधोमध आखला होता. मला तो सगळ्या वाकळेतला सर्वांत देखणा चौकोन वाटतो.

चौकोन एकमेकांना जोडायची टीप मी मशीनवर मारून देते. हातानं जोडायला घेतलं तर सुट्टी संपेल आणि पोरांचा धीरही. वरचा थर तयार झाला की खाली जुनं धोतर, मध्ये जुन्या साडीच्या दोन घड्या. चारी कडांनी कच्चा धागा घालून पक्कं करायचं, नाहीतर आतलं अस्तर सरकून गोळा होतं. मग खरं काम. वाकळ फरशीवर पसरायची आणि चारी बाजूंना पोरं. कडेपासून बोटभर अंतरावर धावदोरा घालत चौकोनात फिरत फिरत मध्याकडे जायचं. आपल्या आज्या-पणज्या अशीच शिवायच्या. दोरा दुहेरी घ्यायचा, हाताच्या लांबीपेक्षा मोठा घ्यायचा नाही, नाहीतर गुंता होतो. पाचवीच्या वरच्यांनी सुया ओवून डाळिंबाएवढ्या चिंधीच्या उशीत टोचून ठेवायच्या. सुया मोजून काढायच्या आणि मोजून ठेवायच्या, एक कमी पडली तर ती सापडेपर्यंत कुणीही उठायचं नाही. हा नियम फार कडक ठेवा. अनवाणी पोरांच्या घरात फरशीवर पडलेली सुई म्हणजे खेळ नव्हे.

मुलगे शिवायला लाजतात का, असं विचारतात. आमच्याकडे नाही. सोलापुरात चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या सुताशी खेळत आले आहेत. तुटलेला धागा कसा जोडायचा हे ज्याच्या बापाच्या बोटांत आहे, त्या पोराच्या बोटांना सुई परकी वाटत नाही. एक सातवीतला मुलगा तर सगळ्यांत बारीक आणि सारखे टाके घालतो. त्याला मी पुढच्या वर्षी मशीन शिकवणार आहे. टाके वाकडे आले तरी मी उसवत नाही, तुम्हीही उसवू नका. फक्त सैल टाका असेल तर परत घालायला लावते, कारण त्यात कुणाच्या तरी पायाचं बोट अडकणार.

वाकळ कुणाच्याच घरी जात नाही. हे सुरुवातीलाच ठरवून घ्यायचं, तुकडे आणायच्याही आधी. आमची गल्लीतल्या अंगणवाडीत जाते, दुपारी झोपणाऱ्या लेकरांच्या अंगाखाली.

दुसरं मोठं काम सावल्यांचा खेळ. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची माणसं चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करत आली आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मी एकदा कोकणात गेले असताना त्या चामड्याच्या बाहुल्या जवळून पाहिल्या. चामडं इतकं पातळ, की दिव्यासमोर धरलं तर त्यावरचे रंग पडद्यावर उतरतात. आपल्याकडे चामडं कुठलं, पण लग्नाच्या पत्रिका आहेत. जाड पत्रिकांची काळी सावली झकास पडते. रंग दिसायला हवा असेल तर चित्रकलेच्या वहीचा कागद रंगवून त्याला खोबरेल तेल चोळायचं. कागद अर्धपारदर्शक होतो आणि रंग पडद्यावर येतात. तेल चोळून झाल्यावर तो रद्दीत दाबून ठेवायचा, नाहीतर सगळ्यांचे हात आणि माझी शिवायची कापडं तेलकट होतात.

हात-पाय हलायला हवे असतील तर वेगळे कापायचे, एकावर एक ठेवून सुईनं भोक पाडायचं, दोरा ओवून दोन्ही बाजूंना गाठ मारायची. गाठ घट्ट आवळली तर सांधा हलत नाही, सैल ठेवली तर हात लोंबतो. मधली गाठ साधेपर्यंत दोन-तीनदा करावं लागतं. धरायला खराट्याचे हीर, चिकटपट्टीनं चिकटवलेले. पडदा म्हणजे दोन खुर्च्यांच्या मध्ये ताणलेलं पांढरं धोतर. दिवा एकच आणि लहान. ट्यूबलाइटनं धड सावली पडत नाही, प्रकाश लांबलचक पट्टीतून येतो आणि कडा पुसट होतात. फोनची बॅटरी सगळ्यांत चांगली, कारण तिचा प्रकाश एका ठिपक्यातून येतो. बाहुली पडद्याला चिकटवली की सावली लहान आणि रेखीव, दिव्याकडे नेली की राक्षसाएवढी. एकदा हे कळलं की गोष्ट सुचायला वेळ लागत नाही. कुणीतरी मोठं होतं, कुणीतरी लहान होतं.

गेल्या खेपेला पोरांनी गड्ड्याची जत्रा केली. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळं कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच काठ्या, सात नंदीध्वज, म्हणजे खराट्याचे सात लांब हीर, त्यांना कागदी फुलांच्या माळा. ते एका ओळीत डोलत नेणं एकट्याचं काम नाही. सात पोरं पडद्यामागं गुडघ्यावर, खांद्याला खांदा लावून, एका लयीत सरकत होती. एकाचा तोल गेला की सगळे ध्वज हलायचे आणि बाकीचे त्याला कोपरानं सावरायचे. मागून दोघी "हर्र बोला हर्र" म्हणत होत्या, एक जण पत्र्याच्या डब्यावर ताल धरत होता. आकाशपाळणा पत्रिकांच्या पुठ्ठ्याचा, मधोमध टाचणी. तेलुगू बोलणाऱ्या घरातल्या एका मुलीनं सगळे पाळणेवाले, फुगेवाले आणि भेळवाले आपल्या आवाजात उभे केले, तेलुगूत आणि मराठीत मिसळून. ती एरवी शाळेत तोंड उघडत नाही, असं तिची आई मला सांगायची. त्या दिवशी आई बाहेर बसून ऐकत होती.

खर्च विचाराल तर मैदा, एक सुयांचं पाकीट, दोऱ्याची रिळं, एक चिकटपट्टी आणि तेल. सगळं मिळून दीड-दोनशे रुपये, तेही गल्लीत वाटून. बाकी सगळं घरातलं. जागेचं मात्र बघावं लागतं. माझ्या बाहेरच्या खोलीत मशीन सरकवलं की जागा होते. तुमच्याकडे नसेल तर देवळाचा सभामंडप, सोसायटीची गच्ची उन्हं उतरल्यावर, शाळेचा व्हरांडा सुट्टीत मागून मिळतो. विचारायला लाजू नका.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आम्ही फक्त रविवारी जमतो. पाऊस पडला की माती भिजते आणि ज्येष्ठात कारहुणवी, आषाढात बेंदूर हे बैलांचे सण येतात, तेव्हा मातीचे बैल करायचे. आमच्याकडची काळी माती भिजली की फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून नुसत्या मातीचे बैल दुसऱ्याच दिवशी तडकतात. ती आत्ताच, कोरडी असताना कुटून चाळणीनं चाळून ठेवायची. मळताना तिच्यात चाळलेली राख किंवा बारीक रेती आणि पिंजलेल्या कापसाचे धागे घालायचे, पायांत हिराचा तुकडा खुपसायचा आणि सावलीत हळूहळू वाळवायचं. दोन पोती माती एका पोराच्या मामानं शेतातून आणून द्यायचं कबूल केलं आहे. कापसाचे धागे यंत्रमागाच्या कारखान्यातून मिळतात, तिथं झाडून टाकलेले असतात. या आठवड्यात चाळणी धरायला चौघं आणि कुटायला दंगेखोर पोरं, अशी वाटणी ठरली आहे.